कोल्हापूरचा फुटबॉल आणि मराठी क्रीडापत्रकारिता : चाहत्यांच्या पक्षपाताच्या तक्रारीची चिकित्सा

बीजशब्द : कोल्हापूर फुटबॉल, तालीम मंडळ, क्रीडापत्रकारिता, पक्षपात, जिल्हा आवृत्ती, चाहते

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनाचा विचार करताना क्रिकेट, कुस्ती, कबड्डी आणि खो-खो या खेळांचा उल्लेख प्रथम होतो. फुटबॉलचे नाव निघाले की बंगाल, गोवा, केरळ किंवा ईशान्य भारताकडे बोट दाखविले जाते. प्रत्यक्षात कोल्हापूर शहरात हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फुटबॉलचा हंगाम चालतो आणि राजर्षी शाहू स्टेडियमवरील महत्त्वाच्या सामन्यांना हजारोंच्या संख्येने प्रेक्षक येतात. असे असूनही कोल्हापूरबाहेरच्या मराठी वाचकाला या फुटबॉलची ओळख फारशी नाही. जी थोडीफार आहे, ती बहुधा खेळामुळे झालेली नसून सामन्यानंतरच्या हाणामारीच्या बातम्यांमुळे झालेली आहे.

'वृत्तपत्रे आमच्या संघावर अन्याय करतात' ही तक्रार जगातील प्रत्येक क्लबच्या चाहत्यांकडून ऐकू येते. कोल्हापूरचा चाहताही तिला अपवाद नाही. मात्र या एका तक्रारीत दोन वेगवेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे 'प्रतिस्पर्धी तालमीला झुकते माप दिले जाते'. दुसरी म्हणजे 'आमच्या गावचा फुटबॉलच दखलपात्र मानला जात नाही, भांडण झाले की मात्र सर्वांना आमची आठवण होते'. पहिली तक्रार मोठ्या आवाजात केली जाते, दुसरी बहुधा कुरकुरीच्या स्वरूपातच राहते. विचाराअंती मात्र पहिली दुबळी आणि दुसरी सबळ ठरते, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विवेचनाची उद्दिष्टे :

१. कोल्हापूरच्या फुटबॉल चाहत्यांच्या तक्रारीमागील सामाजिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२. पक्षपाताची भावना आणि प्रत्यक्ष पक्षपात यांतील भेद स्पष्ट करणे.
३. मराठी फुटबॉल वृत्तांकनाची भाषा व रचना यांची समीक्षा करणे.
४. असमतोल वृत्तांकनाचे खेळावर होणारे परिणाम तपासणे.

तालीम, पेठ आणि संघ :

कोल्हापूरच्या फुटबॉलचे वेगळेपण त्याच्या संघांच्या नावांतच दडलेले आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावे वाचली की हे संघ कोणा उद्योगसमूहाने उभे केलेले नाहीत हे लगेच ध्यानात येते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय लाभला, खासबाग मैदान उभे राहिले आणि तालीम हे पेठेच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र बनले. कालांतराने याच तालमींनी आणि तरुण मंडळांनी फुटबॉल आपलासा केला. ज्या मंडळाचा गणेशोत्सव, ज्याची शिवजयंती, त्याचाच फुटबॉल संघ, असे हे नाते आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजेच 'केएसए' ही संस्था वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा भरविते. त्यानंतर निरनिराळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा होतात.

या रचनेमुळे चाहत्याचे संघाशी असलेले नाते निवडीचे राहत नाही, ते जन्माने मिळते. मुंबईतील एखादा तरुण इंग्लंडमधील क्लब निवडतो आणि पुढे तो बदलूही शकतो. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत वाढलेल्या मुलाला ही सवड नसते. त्याचे आजोबा, वडील, चुलते ज्या संघासाठी उन्हात बसले, त्याच संघासाठी तोही बसतो. म्हणूनच वृत्तपत्रात आपल्या संघाविषयी आलेले एखादे उणे वाक्य त्याला खेळावरील टीका वाटत नाही. ते आपल्या पेठेला, पर्यायाने आपल्या घराला लावलेले दूषण वाटते. तक्रारीच्या तीव्रतेचे मूळ येथे आहे.

एकच सामना, दोन दृष्टी :

ही तीव्रता समजून घेतली तरी तक्रार खरीच आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. या संदर्भात अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासाचा दाखला उपयुक्त ठरतो. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन महाविद्यालयांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून वेगळा असून त्यात शरीराची धडक अधिक असते. सामना कमालीचा आडदांड झाला आणि दोन्ही बाजूंचे खेळाडू जायबंदी झाले. त्यानंतर दोन्ही महाविद्यालयांच्या वृत्तपत्रांनी एकमेकांवर दोषारोप केले. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच चित्रफीत दाखविली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथ संघाचे जितके नियमभंग दिसले, ते डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसलेल्या संख्येच्या दुपटीहून अधिक होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आशय असा, की प्रेक्षक सामना नुसता पाहत नाही, आपल्या निष्ठेनुसार तो घडवीतही असतो.

पुढे १९८५ मध्ये रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी हाच विचार बातम्यांना लावून पाहिला. १९८२ च्या बैरूतमधील हत्याकांडासंबंधीच्या दूरचित्रवाणी बातम्या त्यांनी इस्रायलसमर्थक व अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखविल्या. बातम्या त्याच होत्या, पण दोन्ही गटांना त्या आपल्या विरोधात झुकलेल्या वाटल्या. थोडक्यात, ज्याची निष्ठा प्रखर त्याला तटस्थ मजकूरही वैरी भासतो.

कोल्हापूरच्या पेठापेठांतील तक्रारीला हे निकष लावले तर तिचा बराचसा भाग गळून पडतो. सामन्याच्या वृत्तान्तात प्रतिस्पर्ध्याच्या गोलाला दोन ओळी अधिक मिळाल्या, आपल्या बचावपटूची चूक नावानिशी छापली गेली किंवा छायाचित्र विजयी संघाचेच आले, तर त्याला पक्षपात म्हणता येत नाही. या बाबतीत स्थानिक वार्ताहराची अडचणही ध्यानात घ्यावयास हवी. तो याच शहरात राहतो आणि त्याचीही एखादी पेठ असते. एका संघाच्या चाहत्यांना तो दुसऱ्याचा वाटतो, दुसऱ्याच्या चाहत्यांना पहिल्याचा. दोन्हीकडून सारखाच राग ओढवून घेणारा वार्ताहर बहुधा आपले काम बऱ्यापैकी करीत असतो.

चाहत्यांनी अलीकडे सामन्यांचे चित्रीकरण स्वतःच करून ते भ्रमणध्वनीवरून प्रसृत करण्यास आरंभ केला आहे. वृत्तपत्रावाचून काही अडत नाही, ही भावना त्यामागे आहे. परंतु १९५१ च्या सामन्याचा धडा येथेही लागू पडतो. चित्रफीत हाती आली म्हणून दृष्टी निष्पक्ष होत नाही. पंचांचा एखादा वादग्रस्त निर्णय दोन्ही पेठांत वारंवार पाहिला जातो आणि प्रत्येक वेळी आपापले मत अधिक घट्ट होते.

मग खरी तक्रार ओळखावी कशी? त्यासाठी एक साधी कसोटी सुचविता येते : जी तक्रार प्रतिस्पर्धी क्लबचा चाहताही मान्य करील, ती गांभीर्याने घ्यावी.

कसोटीला उतरलेली एक तक्रार :

या कसोटीचे जगातील ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील हिल्सबरो दुर्घटना. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या चाहत्यांचा बळी गेला. मृतांची संख्या पुढे अनेक वर्षे ९६ धरली गेली. त्या दुर्घटनेतील दुखापतींमुळे २०२१ मध्ये आणखी एकाचा मृत्यू झाल्याने ती ९७ झाली. दुर्घटनेनंतर चौथ्या दिवशी 'द सन' या वृत्तपत्राने 'सत्य' अशा अर्थाच्या ठळक मथळ्याखाली मजकूर छापला. चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले आणि मदतकार्य करणाऱ्या पोलिसांवर हल्ले केले, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षीच्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालाने पोलिसांचे गर्दीवरील नियंत्रण सुटणे हे मुख्य कारण असल्याचे नोंदविले. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने चाहत्यांवरील आरोप निराधार ठरविले. २०१६ च्या न्यायालयीन चौकशीत हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे असून चाहत्यांचे वर्तन त्यांस कारणीभूत नव्हते, असा निर्णय लागला. एका मथळ्याचा डाग पुसण्यास सत्तावीस वर्षे लागली.

येथे लक्षणीय गोष्ट अशी, की लिव्हरपूल शहरात या वृत्तपत्रावर जो बहिष्कार पडला, त्यात प्रतिस्पर्धी एव्हर्टन क्लबचे चाहतेही सहभागी होते. मैदानावर हाडवैर असलेल्या दोन क्लबांच्या चाहत्यांनी एक तक्रार आपली मानली, कारण ती एका संघापुरती नव्हती. फुटबॉल पाहणारा सामान्य माणूस म्हणजे हुल्लडबाज, असे गृहीत धरणाऱ्या दृष्टीविरुद्धची ती तक्रार होती. या दृष्टीची चिकित्सा हिल्सबरोच्या आधीच स्टुअर्ट हॉल या विचारवंताने १९७८ मध्ये केली होती. वृत्तपत्रे प्रेक्षकांतील हिंसेचे वर्णन युद्धाच्या व पशूंच्या भाषेत करतात, त्यातून भीती वाढते, कठोर उपायांची मागणी होते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो, अशी त्याची मांडणी होती.

कोल्हापूरचे प्रसंग हिल्सबरोच्या तोलाचे नाहीत आणि तशी तुलना करणे मृतांवर अन्याय करणारे होईल. साम्य आहे ते केवळ गृहीतकाचे. 'फुटबॉल म्हटले की राडा' हे समीकरण कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीचा चाहता, मग तो शिवाजी पेठेतील असो वा मंगळवार पेठेतील, अमान्यच करील. म्हणूनच ही तक्रार वरील कसोटीला उतरते.

जिल्ह्याच्या सीमेवर अडणारा खेळ :

मराठी दैनिकांच्या आवृत्तिव्यवस्थेत या असमतोलाचे मूळ सापडते. मोठ्या दैनिकांच्या जिल्हावार आवृत्त्या निघू लागल्यापासून प्रत्येक जिल्ह्याची बातमी त्याच जिल्ह्यात छापली व वाचली जाऊ लागली. कोल्हापूरच्या आवृत्त्यांत हंगामात फुटबॉलला भरपूर जागा मिळते. सामन्याचा तपशीलवार वृत्तान्त, गोल नोंदविणाऱ्यांची नावे, कोणत्या मिनिटाला गोल झाला याची नोंद, पुढील सामन्यांचे वेळापत्रक हे सर्व तेथे असते. तेव्हा 'वृत्तपत्रे आमची दखलच घेत नाहीत' हे विधान कोल्हापूर शहरापुरते खरे नाही. परंतु तोच वृत्तान्त जिल्ह्याची सीमा ओलांडीत नाही. सोलापूरच्या वाचकाच्या हाती पडणाऱ्या त्याच दैनिकाच्या क्रीडापानावर इंग्लिश प्रीमियर लीगचा निकाल असतो, स्पेनमधील सामन्याचे छायाचित्र असते, शाहू स्टेडियमवरील अंतिम सामना मात्र नसतो.

याचे कारण द्वेष हे नाही. परदेशातील सामन्याचा मजकूर वृत्तसंस्थेकडून छायाचित्रासह तयार येतो. कोल्हापूरचा मजकूर दुसऱ्या आवृत्तीत घ्यावयाचा तर कोणीतरी तो निवडावा लागतो, अनोळखी वाचकासाठी त्यात संदर्भ घालावा लागतो. पानाची घाई असलेल्या उपसंपादकाला हा खटाटोप परवडत नाही. हाणामारीची बातमी मात्र विनासायास प्रवास करते. तिला संदर्भ लागत नाही. दगडफेक, लाठीमार, गुन्हा दाखल हे शब्द कोठेही समजतात. योहान गाल्टुंग आणि मारी रूज यांनी १९६५ मध्ये बातमीच्या मूल्यांची जी चर्चा केली, तीत नकारात्मकता हे एक महत्त्वाचे मूल्य म्हणून नोंदविले आहे. वाईट घटना थोड्या वेळात घडते, तिच्या अर्थाविषयी दुमत नसते, म्हणून ती सहज बातमी होते. परिणामी एकाच हंगामाची दोन चित्रे तयार होतात. कोल्हापुरात अनेक सामने आणि एखादे भांडण, कोल्हापूरबाहेर केवळ ते एक भांडण.

सोलापूरच्या संदर्भात ही बाब अधिक खटकते. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत संलग्न होती. दोन्ही जिल्ह्यांतील खेळाडू एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली खेळत. तरीही आज सोलापूरच्या सर्वसाधारण वाचकाला माद्रिदमधील दोन क्लबांची नावे सांगता येतील, कोल्हापूरच्या दोन तालमींची सांगता येतीलच असे नाही. शिवाय राज्याच्या बातम्यांत दुष्काळ, पाणीटंचाई आणि आषाढी वारी या चौकटींत बसविले जाण्याचा अनुभव सोलापूरच्या वाचकाला नवा नाही. वर्षभराचे जीवन बाजूला राहून गावाची ओळख एक-दोन शब्दांत आटोपली जाणे म्हणजे काय, हे तो जाणतो.

२०१७ हे वर्ष या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा झाली व नवी मुंबई हे तिचे एक केंद्र होते. तत्पूर्वी १५ सप्टेंबर रोजी राज्य शासनाने 'मिशन वन मिलियन' हा उपक्रम राबवून राज्यभरातील मुलांना फुटबॉल खेळण्यास उद्युक्त केले. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत अमेरिका, कोलंबिया व घाना या तिन्ही संघांकडून पराभूत झाला, परंतु अनिकेतचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. सामान्य कुटुंबातील मुलाची जिद्द, ही त्या वृत्तांकनाची आवडती चौकट होती. ती खोटी नव्हती, पण अपुरी होती. ज्या गावातून तो आला, तेथे लहान मुले गल्लीत फुटबॉल का खेळतात, तालमींचे संघ खेळाडू कसे घडवितात, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. व्यक्तीचे कौतुक झाले आणि परंपरा पुन्हा अंधारात राहिली.

वृत्तान्ताची भाषा :

मराठी फुटबॉल वृत्तान्ताची स्वतःची एक शैली घडलेली आहे. संघ 'धुव्वा उडवितो', 'कोंडी फोडतो', बचावफळी 'खिंड लढविते'. ही युद्धाची भाषा खेळाच्या वर्णनात गोड मानली जाते. सामन्यापूर्वी 'ईर्षा', 'थरार', 'काटे की टक्कर' असे शब्द वापरून वातावरण तापविले जाते. प्रत्यक्षात प्रेक्षक तापले की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर 'हुल्लडबाजी'चा निषेध होतो. पेठांची ईर्षा विकावयाची आणि तिचे परिणाम दिसताच उपदेश करावयाचा, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

अशा बातमीचा ठरलेला मथळा म्हणजे 'सामन्याला गालबोट'. मूळ अर्थाने गालबोट म्हणजे गोजिऱ्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आईने गालावर लावलेला काजळाचा ठिपका. मथळ्यातला अर्थ अगदी उलटा, म्हणजे चांगल्या गोष्टीला लागलेला डाग. तरीही या शब्दात एक कबुली शिल्लक आहे : डाग लहान आहे आणि चेहरा मोठा व सुंदर आहे. वृत्तांकनात मात्र ठिपका उरतो आणि चेहरा नाहीसा होतो. 'समर्थक भिडले' या दोन शब्दांच्या मथळ्यात किती समर्थक, कोणते, कशावरून, हे तिन्ही प्रश्न लुप्त होतात. मजकुरातील 'काही' हे विशेषण मथळ्यात पोहोचत नाही. भांडण करणारे मूठभर आणि शांतपणे घरी गेलेले हजारो, हे सर्व एकाच नामात कोंबले जातात.

आणखी एक पक्षपात असा आहे, ज्याची तक्रार चाहते क्वचितच करतात. चषकांच्या स्पर्धांना पुरस्कर्ते लागतात आणि अनेक स्पर्धांमागे राजकीय नेतृत्व उभे असते. त्यांच्या आश्रयाने खेळाला पैसा मिळतो हे खरे. परंतु अंतिम सामन्याच्या वृत्तान्तात बक्षीस कोणाच्या हस्ते दिले, प्रमुख उपस्थिती कोणाची, स्वागत व आभार कोणी मानले या नामावलीला जी जागा जाते, ती कित्येकदा खेळाच्या वर्णनाहून अधिक असते. गोलरक्षकाने वाचविलेल्या टायब्रेकरच्या फटक्यापेक्षा व्यासपीठावरील खुर्च्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. येथे डावलला जातो तो एखादा क्लब नव्हे, खुद्द खेळ.

परिणाम आणि जबाबदारी :

हा प्रश्न केवळ मानापमानाचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. ज्या खेळाची ओळख बाहेर केवळ भांडणातून होते, त्या खेळाकडे प्रशासन कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहू लागते. बाहेरचा पुरस्कर्ता पैसा गुंतविण्यास कचरतो. पालक मुलाला मैदानावर पाठविताना दोनदा विचार करतात. स्त्रिया आणि कुटुंबे स्टेडियमपासून दूर राहतात आणि प्रेक्षागृह आणखी एकारलेले होते. अशा प्रकारे बातमीत रंगविलेले चित्र हळूहळू वास्तवात उतरते. निष्ठावान प्रेक्षकवर्ग आणि तालमींची सलग परंपरा ही दोन बलस्थाने असूनही कोल्हापूरच्या क्लब फुटबॉलला राज्याच्या क्रीडाजीवनात योग्य ते स्थान मिळत नाही, यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे.

याचा अर्थ हाणामारीची बातमी दडपावी असा नाही. दगडफेक झाली तर ती छापलीच पाहिजे आणि दोषींची गय होता कामा नये. ज्या चाहत्याच्या हातून दगड सुटतो, तो वृत्तपत्राला आयता मथळा पुरवितो आणि आपल्याच तक्रारीचा पाया उखडतो. प्रश्न इतकाच आहे, की भांडणाची बातमी ज्या वाचकाला दिली, त्याला त्याच हंगामातील अंतिम सामन्याचा निकाल देण्याचे बंधन वृत्तपत्राने पाळावे की नाही.

निष्कर्ष :

१. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांचे तालीम व पेठ यांच्याशी असलेले नाते जन्मसिद्ध असल्याने वृत्तपत्रीय टीका तेथे अधिक जिव्हारी लागते.

२. 'प्रतिस्पर्ध्याला झुकते माप' ही तक्रार बहुतांशी निष्ठेतून निर्माण होते. ती कोणतेही वृत्तपत्र पूर्णपणे दूर करू शकणार नाही.

३. 'खेळ जिल्ह्यात अडतो, भांडण राज्यभर जाते' ही तक्रार रास्त आहे. तिचे मूळ वैयक्तिक आकसात नसून आवृत्तिव्यवस्थेत, वृत्तसंस्थांवरील अवलंबनात आणि बातमीच्या रूढ मूल्यांत आहे.

४. मथळ्यांची भाषा मूठभरांचा दोष सर्वांवर लादते, तर पाहुण्यांची नामावली खेळाची जागा व्यापते.

५. चाहत्यांनी पेठेची तक्रार बाजूला ठेवून खेळाची तक्रार एकत्रितपणे मांडली, तर तिला वजन येईल. आपल्या संघासाठी दोन ओळी अधिक मागण्यापेक्षा शाहू स्टेडियमवरील अंतिम सामन्याचा निकाल सोलापूर, नाशिक आणि नागपूरच्या आवृत्तीत यावा, ही मागणी सर्व तालमींना एकमुखाने करता येण्यासारखी आहे. ती मान्य करण्यासाठी वृत्तपत्राला फार काही करावे लागणार नाही. क्रीडापानावरील चार ओळींची जागा त्यासाठी पुरेशी आहे.